शिवेबाहेरची आखाजी

पांझरेकाठच्या वडगावात आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी दोन गोष्टी ठरलेल्या. कुंभाराच्या दारातून नव्या घागरी घरोघर जायच्या, आणि लोटननानाची बैलगाडी बायकापोरांसकट गावाबाहेर पडायची. साऱ्या खान्देशातल्या लेकी त्या दिवशी माहेराच्या वाटेवर असत. निंबाला झोके टांगलेले, ओट्याओट्यावर पत्त्यांचे डाव मांडलेले, घरात सांजोऱ्यांचा वास. अख्ख्या मुलखाचं तोंड घराकडे, आणि या एका गाडीचं शिवेकडे.

गाडीत सामान तरी किती! लष्करी ताडपत्री, चार बांबू, तवा, पातेलं, ज्वारीच्या पिठाचं गाठोडं, गोवऱ्या, एक कंदील आणि तीन पोरं. पोरांना मोठी मौज. ताडपत्री कोण धरणार यावरून शेवंता आणि पितांबर यांच्यात वेशीपर्यंत मारामारी होई, आणि धाकटी बेबी पिठाच्या गाठोड्यावर बसून दोघांना पाय मारी.

वेशीजवळ रतिलालचं किराणा दुकान. रतिलाल हा माणूस मीठमिरचीपेक्षा बातम्याच जास्त विके, आणि त्यात मापही मारत नसे. गाडी दिसली की तो गादीवरून उठून पायरीवर येई.

"काय लोटननाना, चालनात का हवा खावाले? साहेबलोकेसना गत?"

"हां शेठ," लोटन बैल न थांबवता म्हणे. "महाबळेश्वरले भलती गर्दी शे म्हनतस. म्हटलं, आपली पांझराच बरी."

लोक हसत. लोटनही हसे. त्याची बायको प्रमिलाबाई तेवढी पदर पुढे ओढून बैलांच्या शिंगांकडे बघत बसे.

आता लोटनचं वय काही नाना म्हणण्यासारखं नव्हतं. पस्तिशीही गाठली नव्हती. पण गावाचं म्हणणं असं, की माणूस एकदा पितरांत जाऊन आलेला. त्याला एकेरी हाक मारायची कशी? रतिलालनंच ही पदवी बहाल केलेली, आणि गावात पदवी एकदा चिकटली की पाटलाच्या बापालाही खरवडता येत नाही.

झालं होतं ते असं.

लढाईच्या दिवसांत लोटन बापाशी भांडून धुळ्याला गेला आणि भरतीच्या साहेबासमोर छाती फुगवून उभा राहिला. छाती भरली, पोरगा गेला. सहा महिने पत्रं आली, मग सिंगापूर पडलं आणि पत्रं थांबली. सरकारी कागद आला तो एवढंच सांगत होता, की पत्ता नाही. पत्ता नाही म्हणजे मेला असं नव्हे, हे मास्तरांनी तीनदा समजावलं. भिकुबाई, म्हणजे लोटनची आई, मान हलवी. एक आखाजी गेली, दुसरी गेली. तेवढ्यात लोटनचा बापही गेला, आणि मरताना पोराचं नाव घ्यायचं टाळून गेला.

तिसऱ्या वर्षीचा उन्हाळा असा पडला, की पांझरेच्या वाळूत दोन हात खणलं तरी ओल लागेना. भिकुबाई झऱ्यावर वाटीवाटीनं पाणी उपसत बसे. एक दिवस रिकामी घागर तशीच घेऊन ती घरी आली आणि धाकट्या पोराला, झुलालला म्हणाली, "तो तिकडे पानीबिगर तिसा मरत व्हई तर?"

आखाजीला मेलेल्या माणसांना पाणी पोचवायचं, ही आपल्याकडची रीत. नवी घागर भरायची, तिच्या तोंडावर मातीचा लहान लोटा, त्यावर खरबूज, शेजारी सांजोरी नि आंबा. वर्षाच्या आत गेलेल्यासाठी घागरीऐवजी मोठं डेरगं. मग उंबरठ्यावर कुंकवाचं एकेक बोट उठवायचं आणि एकेका पितराचं नाव घ्यायचं, म्हणजे ज्याचं त्याला बरोबर पोचतं. भिकुबाईनं नवऱ्याच्या घागरीशेजारी त्या वर्षी एक डेरगं ठेवलं. उंबरठ्यावर आजेसासऱ्याचं बोट, सासऱ्याचं बोट, नवऱ्याचं बोट, आणि शेवटी लोटनचं. गावातल्या बायका रडल्या. भिकुबाई रडली नाही. ती म्हणाली, "आते त्याले पानी पोची."

आणि दोन वर्षांनी, संक्रांतीच्या तोंडावर, हाडांचा सापळा होऊन लोटन दारात उभा राहिला.

गावानं अशा वेळच्या भेटी नाटकात पाहिलेल्या. आई धावते, गळ्यात पडते, पेटी वाजते. भिकुबाई जागची हलली नाही. सुपातली तुरीची डाळ तशीच धरून तिनं लेकाला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि पहिला प्रश्न केला, "दोन साल पहिले, आखाजीले, तुले पानी भेटनं का रे?"

लोटनला काय कळणार! दोन दिवस आगगाडीत उभ्यानं आलेला माणूस. कधीतरी पाणी मिळालंच असणार, नाहीतर इथवर आला कसा? तो म्हणाला, "हां माय, भेटनं."

एवढ्या तीन शब्दांवर त्याचं पुढचं आयुष्य लागलं. भिकुबाईनं सूप खाली ठेवलं आणि मग ती जी रडली, ती गल्लीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू गेली. मनं पानी पोचनं, मनं पानी पोचनं, एवढंच म्हणत होती. तिचा पोरगा त्या पाण्यावर जगला, हे तिच्यापुरतं त्या दिवशी कायमचं ठरलं.

पुढे आखाजी आली तेव्हा पंचाईत झाली. भिकुबाईनं लोटनची घागर आणली. लोटन म्हणाला, "माय, मी तर जित्ता शे." ती म्हणाली, "म्हनीसनच आनी. बंद करू, आनि तुले काही व्हयनं म्हंजे?" आता एकाच घरात घागरही लोटनची आणि पाटावर जेवायला बसलेलाही लोटन, हे कसं जमायचं? भाऊबंद अभिमन आबांकडे गेले. अभिमन आबा म्हणजे भावकीतला वडीलधारा माणूस. न्याय करायला भारी हौशी, आणि न्याय करताना डोळे मिटायची सवय. कुणी म्हणे विचार करतात, कुणी म्हणे झोपतात.

आबांनी डोळे मिटून सांगितलं, "पितर बाहेरतून येतस, पानी पेतस आनि जातस. हाऊ आधीच घरमा बशेल ऱ्हायना तर पानी कोन पेई? बाकीना पितर पंगतमा जित्ता मानूस देखीसन उठी जातीन. नही नही. ज्यानी घागर भरी, त्यानी त्या तीन दिन शिवना बाहेर ऱ्हावाले पाहिजे."

झालं. न्याय झाला, आबांनी डोळे उघडले.

पहिल्या वर्षी लोटन एकटाच गेला, हातात वळकटी घेऊन. स्वातंत्र्य आलं त्या वर्षी त्यानं नदीकाठी दोन आंब्यांखाली ताडपत्री ठोकली, तर दुसऱ्या दिवशी अभिमन आबा काठी टेकत हजर. शिवेचा दगड शोधला, काठीनं माप घेतलं आणि निष्कर्ष निघाला, की ताडपत्री गावाबाहेर आहे, पण बैल गावात बांधले आहेत.

"मंग बैलेसनी घागर कोठे भरेल शे, आबा?" लोटननं विचारलं.

आबांनी डोळे मिटले. बराच वेळ मिटले. शेवटी बैल गावात चालतील असं ठरलं. लोटन हा किस्सा पुढं वर्षानुवर्षं सांगे, आणि सांगताना इतका हसे की ऐकणाऱ्याला वाटे, याला बाहेर राहण्याचं काहीच नाही.

तसं नव्हतं. तीन वर्षं तो तिकडे शत्रूच्या कैदेत, सिंगापूर ते ब्रह्मदेश, तारेच्या कुंपणामागं होता. संध्याकाळी शेजारी पडलेल्या कैद्यांना तो घर सांगे, आणि घर म्हणजे काय तर आखाजीचा दिवस. चुलीपुढं माय, परातीत सांजोऱ्या, पहिली सांजोरी तिच्या हातानं आपल्या ताटात. बाकी गाव, शेत, नदी सगळं धूसर झालं, पण ती सांजोरी मात्र रोज जास्तच खुसखुशीत होत गेली. घरी परत आला तो तिच्यापायी. आणि घरी आल्यावर वर्षाचे तीनशे बासष्ट दिवस त्याला घर मोकळं होतं. बंद होतं ते नेमकं त्या तीन दिवसांत. भिकुबाई त्याला एरवी सांजोरी करून घाली. तो खाई, पण ती सांजोरी ती नव्हे. आखाजीला, घरात, पाटावर, मायच्या हातची. एकदाच. त्याच्या साऱ्या मागण्या आटून एवढी एकच उरली होती.

लग्न झालं. प्रमिला पिंपळनेरची, तोंडानं तिखट, पण मनानं चांगली. लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला भाऊ न्यायला आला, ती माहेरी गेली. झोक्यावर बसली, गाणी म्हटली. दुसऱ्या दिवशी गौराईची पूजा. ती हळदीकुंकवाचं ताट उचलायला गेली, तर काकूनं हात धरला. "थांब वं बाई. तुना नवराना नावनी घागर भरतस ना तिकडे? मंग तू सवाशीन शे का नही, हाई पहिले कोनले तरी इचारू." विचारायला कोणी मिळेना, आणि पूजा खोळंबून चालेना. प्रमिलेला एका बाजूला बसवलं. तिच्या कपाळावर कुंकू होतं, हातात बांगड्या होत्या, आणि आख्खा वाडा तिच्याकडे असा बघत होता, जसं त्यातलं काहीतरी उसनं आणलेलं आहे.

तिसऱ्या दिवसाची वाट न बघता ती परत आली. वडगावात न शिरता सरळ नदीकाठी, दोन आंब्यांखाली. लोटन चुलीवर भाकर थापत होता, म्हणजे भाकरीसारखं काहीतरी.

"हाई काय शे?" तिनं विचारलं.

"भाकर."

"सरका तिकडे." तिनं परात ओढून घेतली. "आजपशी मन्ही आखाजी आठेच."

ती पुन्हा कधी आखाजीला माहेरी गेली नाही. एकेक पोर होत गेलं, गाडीतलं सामान वाढत गेलं. पोरांना वाटे, आपला बाप काही थोर माणूस असला पाहिजे. गावातल्या कुणाच्या बापाला ताडपत्रीचं घर नाही. लोटन त्यांना बांबू कसा रोवायचा, दोराला कुठली गाठ मारायची, वाऱ्याकडे पाठ कशी करायची ते शिकवी. वाळूत झरा उकरून देई. निखाऱ्यावर बट्ट्या भाजून, फोडून, तूप ओतून खायला घाली. दुपारी नदीपलीकडून झोक्यांवरची गाणी ऐकू येत. तेव्हा प्रमिलाबाई भांडी जरा जास्तच जोरात घाशी.

तिसऱ्या दिवशी गाडी घरी येई. उंबरठ्यावर कुंकवाची बोटं वाळलेली असत. भिकुबाई नातवंडांना कडेवर घेऊन मोठ्या कौतुकानं दाखवी, "हाई तुन्हा पंजानं, हाई आजानं, आनि हाई तुन्हा बापनं." पोरं बोटाशी बोट जुळवून बघत. लोटन त्याच्यावरून पाय टाकून आत जाई.

सुटायचे रस्ते नव्हते असं नाही. शेवंता दीड वर्षाची असताना धुळ्याच्या एका भटजींनी तोड सांगितली. माणूस पुन्हा जन्माला घालायचा. त्याला न्हाऊ घालायचं, पाळण्यात बसवायचं, बारसं करायचं, नवं नाव ठेवायचं आणि स्वतःच्याच बायकोशी पुन्हा लग्न लावायचं. म्हणजे जुना लोटन पितरांत, नवा घरात. अभिमन आबांनी एवढ्या मोठ्या पाळण्याबद्दल शंका काढली, पण डोळे उघडे ठेवून. रतिलालनं बारशाच्या घुगऱ्या आपल्याकडून जाहीर केल्या आणि नावांची यादीही केली. प्रमिलाबाई म्हणाली, "दुसरांदाव लगीन करनं तर मी देखीभाळीसन करसू." आठवडाभर गावाला दुसरा विषय नव्हता.

बारशाच्या दिवशी भिकुबाई उंबरठ्यात आडवी बसली.

"माय, ऊठ," लोटन म्हणाला. "एक घडीनं काम शे. मंग मी घरना घरमा."

"जुना लोटन मन्हा पानीवर जगना," ती म्हणाली. "नवा लोटन कसावर जगी? सांग ना भटले. लिखी दे म्हना."

भटजी जन्म द्यायला तयार होते, हमी द्यायला नव्हते. पाळणा परत गेला. घुगऱ्या तेवढ्या वाटल्या गेल्या, कारण शिजल्या होत्या.

मग लोटननं चार वर्षं तोंड उघडलं नाही. एका दुपारी मात्र, पोरं झऱ्यात खेळत असताना, त्यानं प्रमिलेला एक गोष्ट सांगितली. त्या उन्हाळ्यात, आईनं डेरगं भरलं त्या उन्हाळ्यात, त्याला पाणी मिळालं होतं हे खरं. शेजारी कर्नाटकातला एक पोरगा पडला होता, अजून श्वास चालू होता. लोटननं त्याच्या उशाची बाटली घेतली आणि सगळी प्याला. पोरगा बघत होता.

"मायले सांगू का हाई?" त्यानं विचारलं. "म्हंजे ती सोडी दी घागर भरनं?"

प्रमिलाबाईनं मूठभर वाळू उचलून सोडली. "नका सांगू," ती म्हणाली. "तिले वाटी तिन्हं पानीच त्या पोऱ्यानी बाटलीमा पोचनं. मंग त्यानीबी घागर ठेई ती."

तो हसला. तीही हसली. मग दोघंही हसायचे थांबले.

चौपन्न साली मात्र नवल घडलं. बेबी वर्षाची होती. भिकुबाईची नजर मंदावली होती, आणि कुणास ठाऊक कसं, आखाजीच्या आदल्या सकाळी ती म्हणाली, "लोटन, गाडी नको जुपू. आवंदा घरना घरमा जेव."

लोटननं बैल सोडले. दोनदा सोडले, पहिल्यांदा गाठ सुटेना. रतिलाल दुकान उघडं टाकून घरापर्यंत बघायला आला. आखाजीच्या दिवशी लोटन पाटावर बसला, शेजारी झुलाल, पुढं पोरं. भिकुबाई स्वतः चुलीपुढं. तिनं कढईतली पहिली सांजोरी काढली, निथळली, चाचपडत येऊन त्याच्या ताटात ठेवली. आमरस वाढला. लोटननं सांजोरीला हात लावला, आणि हाताला कापरं भरलं.

त्याला वाटलं, आनंदानं असेल. पण दात वाजायला लागले, पाठीतून हीव निघालं, वैशाखाच्या दुपारी माणूस घोंगडी मागू लागला. ब्रह्मदेशाकडून आणलेला हिवताप तो. वर्षातून तीनचारदा यायचाच, साऱ्या गावाला माहीत. कुनैनची पुडी फडताळात कायम असे. झुलाल पुडी आणायला उठला.

पण भिकुबाई त्याच्या आधी उठली होती. दिसत नव्हतं त्या बाईला, तरी ती कुंभारवाड्यापर्यंत धावली. कुंभाराकडे उरलेली एक घागर उराशी धरून आणली, भरली, कुंकवाचं बोट उंबरठ्यावर आपटलं आणि ओरडली, "लई जा! शिवना बाहेर लई जा त्याले! मन्हा हातनं मारी टाकं मी पोऱ्याले!"

लोटनला घोंगडीसकट गाडीत घातलं. तो सांगत होता, माय, हिवताप शे, हिवताप शे, पण दात इतके वाजत होते की शब्द बाहेर येत नव्हते. नदीकाठी आंब्याखाली, प्रमिलेनं दिलेल्या कुनैनवर, संध्याकाळपर्यंत ताप उतरला. तो घागरीनं उतरला असं भिकुबाई मरेपर्यंत सांगत होती. ताटातली सांजोरी गाईला घातली.

सत्तावन्न साल सरता सरता, पौषात, भिकुबाई गेली. शेवटच्या दिवशी दोन्ही पोरं उशापायथ्याशी होती. तिनं झुलालचा हात धरला. लोटनला वाटलं, आता तरी सोडेल. ती म्हणाली, "झुलाल, मन्ही आन शे तुले. मी मरनू तरी भाऊनी घागर बंद करू नको. तो जित्ता शे तोपावत भर."

"आनि मी मरनू म्हंजे?" लोटननं विचारलं. त्याला स्वतःलाही कळलं नाही, थट्टा होती की काय.

"मंग तर भरनीच पडी," माय म्हणाली, जसं त्यात विचारण्यासारखं काही नव्हतंच.

पुढची आखाजी आली. घरात वर्षाच्या आत माणूस गेलेलं, डेरगं भरायचं. भरायचं कुणी? थोरल्या मुलानं. लोटन अभिमन आबांकडे गेला. आबा आता अंथरुणालाच होते, पण डोळे मिटण्याची कला शाबूत होती.

"आबा, मन्ही मायनं डेरगं शे. एक दिन येऊ द्या घरमा. पानी ठेवस, बोट उठाडस, आनि निंघी जास. जेवाले बसत नही."

आबांनी डोळे मिटले. लोटन वाट बघत राहिला. आबा उघडेनातच, तेव्हा सुनेनं येऊन सांगितलं की ते झोपलेत.

झुलाल वाईट माणूस नव्हता. त्यानं थोरल्या भावाला घराच्या मागच्या दारी नेलं. "भाऊ, तू घरमा ऱ्हायना तर तुन्ही घागर भरता येवाव नही. आनि नही भरी तर मायनी आन मोडस. मी काय करू तूच सांग. मायनं डेरगं मी भरस. तू जाय."

लोटननं बघितलं, तर झुलाल रडत होता. ज्या बाईनं आपल्याला चौदा वर्षं पाणी पोचवलं, तिला आपण एक लोटा पाणी देऊ शकत नाही, आणि ते तिच्याच शब्दामुळे. त्यानं गाडी जुंपली. वेशीवर रतिलाल पायरीवर आला, तोंड उघडलं, आणि तसाच आत जाऊन वजनं पुसत बसला. तेव्हा लोटनला कळलं, की आता गावालाही यात हसण्यासारखं काही उरलेलं नाही.

वाटेत त्यानं कुंभाराकडून एक डेरगं घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी, आखाजीच्या सकाळी, त्यानं झऱ्याचं पाणी फडक्यानं गाळून ते भरलं, तोंडावर लोटा ठेवला, खरबूज ठेवलं. प्रमिलाबाईनं गोवऱ्यांच्या चुलीवर, मोडक्या कढईत सांजोऱ्या तळल्या. आजवर त्या जागी त्यांनी कधी सण केला नव्हता. पोरं थक्क होऊन बघत होती.

मग अडलं. बोट उठवायचं कुठं? ताडपत्रीला उंबरठा नसतो. लोटन इकडेतिकडे बघत राहिला. शेवटी त्यानं गाडीचं जू सोडून आणलं आणि ताडपत्रीच्या तोंडाशी जमिनीवर आडवं ठेवलं. पितांबर म्हणाला, "आप्पा, बैल काय म्हनतीन?" शेवंतानं त्याला चिमटा काढला.

लोटन जुवापुढं उकिडवा बसला. कुंकवात बोट बुडवलं, लाकडावर टेकवलं. "माय," म्हणाला, "भिकुबाई," म्हणाला. बोट उठलं. तेलकट काळ्या लाकडावर नीटसं दिसतही नव्हतं.

तो उठणार एवढ्यात पाच वर्षांची बेबी त्याच्या गुडघ्याला रेलून पुढं वाकली. तिनं करंगळीशेजारचं बोट कुंकवात घातलं, जीभ दातांत धरून, आजीच्या बोटाशेजारी अगदी ओळीत, दुसरं बोट उठवलं. आणि आपण काही विसरलो नाही, अशा तोऱ्यात वर बघितलं.

"हाई तुमनं, आप्पा."

प्रमिलाबाईचा हात कढईवर थांबला. शेवंतानं बेबीला मागे ओढलं. लोटननं ते दुसरं बोट पुसायला हात पुढं केला, आणि पोरीचं तोंड बघून तो हात तसाच तिच्या डोक्यावर ठेवला.

"चांगलं उठाडं," तो म्हणाला.

दुपारभर डेरगं झिरपत राहिलं. नवी माती, नवं पाणी; पहिल्या दिवशी झिरपणारच. उन्हं कलली तेव्हा पाणी चार बोटं खाली गेलं होतं. बेबीनं आत डोकावून आरोळी ठोकली, की आजीमाय पिऊन गेली! पितांबर म्हणाला, खुळी शे तू, ते गळी गये. दोघांची जुंपली, आणि निवाड्यासाठी दोघंही बापाकडे आली.

लोटन झऱ्याच्या काठावर बसून बैलांसाठी बादली भरत होता. पलीकडे गावात झोक्यांवर गाणी चालली होती. याच वेळी झुलालनं घरात बापाच्या घागरीपलीकडे आणखी दोन भांडी भरलेली असणार, एक मोठं मायचं, एक लहान आपलं, शेजारी शेजारी.

"आप्पा, सांगा ना. आजीमायले पानी पोचनं का?"

त्यानं बादली उचलली. मायनं विचारलं होतं, तेव्हा तो किती झटकन हो म्हणून गेला होता.

"पहिले बैलेसले पेऊ द्या," तो म्हणाला.